माग

पहाटे साडेचारला फोन वाजला की घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट येते. चष्मा शोधायच्या भानगडीत न पडता मी फोन उचलला. पेन्सिल्व्हेनियातून पुतण्या बोलत होता, धाकट्या भावाचा मुलगा. "काका, इथे सगळे बरे आहेत, घाबरू नका," हे त्याने आधी सांगून टाकलं आणि मग थोडा वेळ काहीच बोलला नाही.

त्याच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले होते. तासाभरापूर्वी, उजेड संपता संपता, झाडाला बांधलेल्या बैठकीवरून त्याने एका हरिणीवर बाण सोडला होता. बाण लागला. हरीण उसळलं, पाठीची कमान केली आणि झुडपांत शिरलं. पुतण्या अर्धा तास तसाच वर बसून राहिला. मग खाली उतरून, मागच्या मातीत रुतलेला बाण उपटून, पाय न वाजवता गाडीपाशी आला. "फोटो पाठवलाय. बघा."

मी दिवा लावला, चष्मा घातला आणि फोटो मोठा करून पाहिला. करंगळीहून बारीक काळी कार्बनची काडी, टोकाला वस्तऱ्यासारखी तीन पाती, मागे तीन प्लॅस्टिकची पिसं. बाण आरपार गेला होता, त्यामुळे सगळी काडी ओली होती. पण रक्त लालभडक नव्हतं. पातळ आणि तपकिरीकडे झुकलेलं होतं. पिसांच्या बुडाशी हिरवट चोथा अडकला होता आणि त्यात एक पांढरा केस.

"वास घेतलास?"

"घेतला."

पुढे त्याने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाण फुप्फुसांतून गेला असता तर काडीवर गुलाबी फेस दिसला असता आणि हरीण शंभर-दीडशे पावलांच्या आत पडलं असतं. यकृतातून गेला असता तर रक्त काळपट लाल दिसलं असतं आणि चार-सहा तास थांबावं लागलं असतं. हिरवा चोथा म्हणजे पोट किंवा आतडी. असं हरीण बहुतेक मरतंच, पण त्याला तासन्‌तास लागतात. बाण लागल्यावर ते फार लांब जात नाही, आडोसा बघून बसतं. अशा वेळी माणूस मागे गेला की ते उठतं आणि उरलेल्या बळावर पळतं. आतड्यांनी भोक बुजलेलं असल्याने रक्त बाहेर गळत नाही, आणि मग माग लागत नाही. म्हणून थांबायचं. आठ तास, दहा तास, बारा तास. तिथल्या शिकारीच्या वर्गात हे शिकवतात आणि तो वर्ग केल्याशिवाय परवाना मिळत नाही.

म्हणजे उत्तर त्याला ठाऊक होतं. ते त्याला घरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"सकाळपर्यंत थांब," मी म्हटलं.

"ते रात्रभर तिथे बसून राहणार, काका."

"हो. थांब."

फोन ठेवून मी अंगणात आलो. द्वादशीचा चंद्र मावळून गेला होता आणि आभाळ स्वच्छ होतं. मृग माथ्यावरून पश्चिमेकडे कलला होता. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधोमध एका ओळीतले तीन तारे म्हणजे पोटात घुसलेला बाण, आणि मागून येणारा तो लखलखीत तारा म्हणजे व्याध. आजीने याच अंगणात मला ते बोटाने दाखवलं होतं. पण शिवरात्रीला ती जी कथा सांगायची ती निराळी होती. व्याध रात्रभर बेलाच्या झाडावर बसतो, खाली पाणवठा असतो. हरिणी पाण्यावर येते, व्याध धनुष्य ओढतो. ती म्हणते, पोरांना शेवटचं भेटून येते, मग मार. तो सोडतो. एकामागून एक सगळं कुटुंब दिलेल्या शब्दाला जागून परत येतं आणि व्याधाच्या हातून बाण काही सुटत नाही. मग तीही आकाशात जातात आणि तोही. मी आजीला विचारलं होतं, बाण सुटलाच नाही तर हरणाच्या पोटात आला कुठून? आजी म्हणाली, "झोप आता." या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अजून एकमेकींशी जुळलेल्या नाहीत.

आमचं गाव गोव्यात, सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या अभयारण्याला लागून. पुतण्या इथेच वाढला, फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकला आणि तिकडे गेला. शिकारीचा नाद त्याला तिथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने लावला. पहिल्यांदा त्याने हे सांगितलं तेव्हा आमचं जोरदार भांडण झालं होतं. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आपली बाजू मांडली, आणि ती मी इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. आज ती अंदाजे तीन कोटी आहेत. त्यांना खाणारे लांडगे बहुतेक ठिकाणांहून माणसाने केव्हाच संपवले. आता हरणं गाड्यांखाली मरतात, हिवाळ्यात उपाशी मरतात, जंगलात नवं झाडच उगवू देत नाहीत. सरकार मोजून परवाने देतं. तो राहतो तिथे घरं जवळजवळ असल्याने बंदुकीपेक्षा धनुष्य बरं. मारलेलं हरीण त्याचं कुटुंब महिनोन्‌महिने खातं, काही वाया जात नाही. "आणि काका, तुम्ही म्हापशाच्या बाजारातून कोंबडी आणता, तिने आयुष्यात एक दिवस तरी मोकळं आभाळ पाहिलेलं असतं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी मासळी खातो, कोंबडी खातो. माझ्या ताटातलं कुणीतरी दुसरं मारतं एवढाच फरक आहे. मारण्यावरून त्याच्याशी भांडायचा मला हक्क नाही, हे मी त्या रात्री मान्य केलं. माझं म्हणणं दुसरंच होतं आणि तेव्हा मला ते धड सांगता आलं नव्हतं: जे मरत नाही त्याचं काय?

ते त्यानेच मला शोधून दिलं. मेरीलँडमधल्या एका नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ या काळात धनुष्याने केलेल्या शिकारीची काटेकोर नोंद ठेवली गेली होती. १०४ शिकारी, सगळे नेमबाजीची परीक्षा देऊन आत घेतलेले, हातात आधुनिक धनुष्यं. त्यांचे बाण ९०८ हरणांना लागले. त्यांतली १८ टक्के हरणं हाती लागलीच नाहीत. ओक्लाहोमातल्या लष्कराच्या दारूगोळा कारखान्याच्या रानात जुन्या पद्धतीच्या साध्या धनुष्यांचा असाच अभ्यास झाला, तिथे बाण लागलेल्या हरणांपैकी निम्मी सापडली नाहीत. सगळी मेली असं नाही. खांद्यात, पाठीच्या वरच्या मांसात बाण लागलेली पुष्कळ हरणं बरी होतात, त्यांच्या जखमा भरतात. पण पोटात लागलेलं? पुतण्याने हे आकडे मला वाद जिंकायला पाठवले नव्हते. माझ्याच बाजूचे आकडे त्याने मला आणून दिले, आणि त्या दिवसापासून त्याच्याविषयीचं माझं मत बदललं.

मला वाटायचं, नेम चुकतो तो अनाडी माणसाचा. तसं नाही. बंदुकीची गोळी धक्क्यानेही मारते. बाण मारतो तो फक्त कापून. रक्त वाहून जाईल तेव्हा हरीण पडेल. म्हणून बाण बरोबर छातीच्या पोकळीत, दोन्ही फुप्फुसांतून जायला हवा, आणि ती जागा पोळपाटाएवढी. हरीण आडवं उभं असेल किंवा किंचित पाठमोरं असेल तरच ती जागा मोकळी मिळते. समोरून नाही, चालताना नाही. वीस-तीस पावलांच्या पलीकडून नाही. आणि एवढं सगळं पाळूनही एक गोष्ट माणसाच्या हातात राहत नाही. बाण सेकंदाला साधारण ३०० फूट जातो, आवाज ११०० फूट. दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या आधी हरणाच्या कानावर पोचतो. हरीण पळायच्या तयारीने आधी पाय दुमडून खाली बसतं आणि मग उडी घेतं. पाव सेकंदाचा खेळ. बाण सोडला तेव्हा जिथे फुप्फुस होतं तिथे तो पोचेपर्यंत दुसरंच काही असतं. ब्रिटनमध्ये, जर्मनीत धनुष्याने हरणाची शिकार करायला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत ती लाखो माणसं करतात. कोण बरोबर यावर मी बरंच वाचलं. मला एवढंच कळलं की १८ टक्के हा चांगल्या हातांचा हिशेब आहे. पाचातलं जवळजवळ एक. दोरी ओढणाऱ्याने समोरच्या हरणाबरोबर ते पाचवं हरीणही डोळ्यांपुढे आणलं पाहिजे, आणि तरीही बोट सोडवत असेल तर पुढचं सगळं आपलं म्हणून अंगावर घेतलं पाहिजे.

तो दिवस तुळशीच्या लग्नाचा होता. सकाळी मी दिंड्याची काठी, आवळ्याची आणि चिंचेची फांदी आणायला रानाच्या कडेला गेलो. दरवर्षी जातो. यंदा आवळे कमी होते, माकडांनी आधीच हात मारला होता. वाटेत आमच्या देवाची राय लागते. दाट, काळोखी, पायांतलं काढल्याशिवाय आत जायचं नाही, आतली काटकीही बाहेर आणायची नाही. मधोमध तळी आहे, मे महिन्यातही आटत नाही. मी रायीच्या कडेला उभा राहिलो. तिकडे मध्यरात्र व्हायची होती. ती हरिणी कुठेतरी बसली असेल. हा जागाच असेल.

हे मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

१९७९ साल. मी अकरा वर्षांचा. थोरल्या काकांकडे शेताच्या राखणीसाठी म्हणून परवान्याची ठासणीची बंदूक होती. पोर्तुगीज काळापासून घरात होती म्हणत. त्या बंदुकीने राखण व्हायची तशी शिकारही व्हायची. शिकारबंदीचा कायदा येऊन सात वर्षं झाली होती, पण गावात तो कुणाला ऐकूनही फारसा ठाऊक नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता ते रात्रीचे जायचे. आंबाड्याखाली पिकलेले आंबाडे पडले की भेकरं ते खायला येतात. काका तिथे माळा बांधून बसले. काळोखात खाली पाचोळा वाजला आणि काकांनी आवाजावर बार काढला. तो बार मी घरात अंथरुणावर ऐकला. पाठोपाठ एक ओरडणं. भेकर भुंकतं ते सगळ्या सत्तरीला ठाऊक आहे, कुत्र्यासारखं, ठराविक अंतराने, तासभरसुद्धा. हे ते नव्हतं.

पहाटे काकांनी मला उठवलं. "चल, तुझी नजर बारीक आहे." मला अभिमान वाटला होता, हे खरं सांगायला हवं. आंबाड्यापासून मी पुढे आणि काका मागे. पहिला थेंब वाळलेल्या किंदळाच्या पानावर, सुकून काळा झालेला. मग बराच वेळ काही नाही. मग गवताच्या काडीवर, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, पुसल्यासारखा डाग. थेंब खाली पडलेला नव्हता, अंगाला घासून लागला होता. काका म्हणाले, "इथे वाकलं." एका कातळाच्या आडोशाला गवत दबलेलं होतं आणि तिथे रक्ताबरोबर तेच हिरवट ओलं, चघळलेल्या पाल्यासारखं. ते बसलं होतं. आम्ही येण्याआधी थोडा वेळ उठून गेलं असावं, कारण मी हात लावला तर गवत कोमट होतं. मी काकांकडे वळून तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आपण घाई केली हे त्यांना तेव्हा कळलं असणार.

माग रायीच्या दिशेने गेला आणि रायीच्या कडेला, पहिल्या मोठ्या झाडाच्या मुळापाशी, संपला. आत बंदूक नेता येत नाही. काकांनी बंदूक माझ्याकडे देऊन आत जायला हवं होतं, किंवा मला आत धाडायला हवं होतं. ते थांबले. कमरेचा पंचा सोडून तोंड पुसलं. घरून नारळ मागवून घेतला, तो कडेच्या दगडावर ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं: लेकराकडून चूक झाली असेल तर पदरात घे, घरादाराला, गुराढोरांना सांभाळ. मग मला म्हणाले, "चल. आता ते देवाचं झालं."

काका दुष्ट नव्हते. मला तापात खांद्यावर घेऊन वाळपईच्या डॉक्टरांकडे चालत नेणारा हा माणूस. देवावर त्यांची खरी श्रद्धा होती. पण मी या घटनेचा विचार करत इतकी वर्षं काढली आहेत, आणि मला वाटतं, त्या दगडावर त्यांनी नारळाबरोबर स्वतःचं देणंही ठेवलं आणि मोकळ्या हातांनी घरी आले. भेकर तर आत जिवंत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीने मला तळीवर पाणी आणायला पाठवलं. अनवाणी गेलो. तळीच्या काठाला, ओल्या शेवाळाच्या जरा वर, ते पडलं होतं. नर होता. केसाळ खुंटांवरची इवलीशी शिंगं, कपाळावर काळ्या रेघांचा कोन, वरच्या ओठाखालून डोकावणारे दोन सुळे. डोळ्यांखालच्या खाचा उघडलेल्या, ओल्या. पोटाच्या खालच्या बाजूला माशा होत्या. मला आधी वाटलं मेलंय. मग कान हलला. फक्त एक कान, माशीला उडवायला. डोळा माझ्याकडे होता. मी किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. मग मी पळालो. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकांना जावं लागलं असतं, आणि ते देवाचं झालं असं ते म्हणाले होते. रात्री मी कानांवर उशी घेऊन झोपलो, कारण ते ओरडेल असं मला वाटत होतं. ते ओरडलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तिथे नव्हतं. फरफटत नेल्याच्या खुणा होत्या, बिबट्याने नेलं असेल.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मला मनापासून हवा आहे. शिकार बंद झाली म्हणून म्हादईच्या रानात आज मेरू म्हणजे सांबर दिसतो, गवा दिसतो. पिकं खाल्ली जातात म्हणून कळवळणारे माझे शेजारी आहेत, त्यांचं दुःखही खोटं नाही. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेला मळा मी पाहिला आहे. पण कायद्याच्या आड चोरून जी शिकार चालते तिच्याविषयी कुणी एक गोष्ट बोलत नाही. चोरून मारणारा जखमी जनावराच्या मागे जात नाही. त्याला जाता येत नाही. बार झाला की पळायचं असतं, टॉर्च लावायची नसते, सकाळी तिथे दिसायचं नसतं. मिळालं तर मिळालं. आणि तारेचा फास लावणारा तर तिथे हजरच नसतो. तार पायात, कमरेत, गळ्यात रुतत जाते आणि लावणारा घरी जेवत असतो. फास लावतो डुकरासाठी आणि अडकतं भेकर, कधी बिबट्या. जानेवारी २०२० मध्ये याच अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, तेही तसंच. विष पेरायचं आणि निघून यायचं. जनावर कसं मेलं, किती वेळ लागला, हे बघायला मारणारा कुठे असतो?

म्हणून त्या दिवशी, हातात आवळ्याची फांदी घेऊन रायीपाशी उभा असताना, गाडीत रात्र काढणाऱ्या पुतण्याविषयी मला जे वाटलं ते राग नव्हतं. तो चुकला होता. त्याच्या नेमाचा मी बचाव करणार नाही; उजेड संपत आलेला असताना बाण सोडायचा नव्हता आणि हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. पण तो तिथे होता.

संध्याकाळी पाचला त्याचा निरोप आला: उजाडलंय, निघतोय. आम्ही वृंदावन सारवत होतो. साडेसातला, लग्न लागून चुरमुरे वाटत असताना, फोन आला. मी मागच्या दारी गेलो. हरीण बसलेली जागा त्याला सापडली होती, बाण लागल्यापासून दीडशे पावलांवर, बरोबर जिथे असायला हवी तिथे. पण ते तिथे नव्हतं. रात्री कोल्ह्यासारखे ते मोठे कायोटी त्याने ओरडताना ऐकले होते, त्यांनी उठवलं असेल. पुढे तीन थेंब. शेवटच्या थेंबाशी त्याने फांदीला कागदाची पट्टी बांधली होती आणि तिथून गोल गोल फिरत होता. गुडघ्यांवर बसून पानं उलटत होता. तो बोलत होता आणि मला वाळलेलं किंदळाचं पान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी माग काढणारा कुत्रा आणला. तिथे दोरीला बांधलेल्या कुत्र्याने जखमी हरणाचा माग काढायला परवानगी आहे. जर्मनीत तर हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यासाठी कुत्र्यांच्या वेगळ्या जाती घडवल्यात, आणि जखमी जनावर शोधल्याशिवाय शिकार पुरी झाली असं तिथे धरत नाहीत. कुत्रा ओहोळापर्यंत गेला, पलीकडे चढला, शेजाऱ्याच्या कुंपणाशी थांबला. पुतण्याने शेजाऱ्याच्या दारात जाऊन परवानगी मागितली, झाल्या गोष्टीचा सगळा पाढा वाचला. म्हणजे त्या दिवशी त्याला आपली चूक एका अनोळखी माणसापुढे उभं राहून बोलावी लागली. पलीकडे कुत्र्याला काही लागलं नाही.

रात्री तो बराच वेळ बोलला. परवान्यासोबत हरणासाठी कागदाची एक चिठ्ठी मिळते, ती हाती आलेल्या हरणाच्या कानाला बांधायची. कायद्याप्रमाणे त्याची चिठ्ठी अजून शाबूत होती. हरीण मिळालंच नव्हतं, तो दुसरं मारू शकत होता. ती त्याने फाडली होती. दक्षिण आफ्रिकेत म्हणे रिवाजच आहे, रक्त दिसलं की जनावर मिळो न मिळो, पैसे भरायचे आणि शिकार संपली. धनुष्य त्याने पेटीत घालून माळ्यावर टाकलं होतं. पुढच्या वर्षी काढणार की नाही हे मी विचारलं नाही. ते त्याचं त्याने ठरवायचं आहे.

मला दशरथाची गोष्ट आठवली, ती मी त्याला सांगितली. आवाजावर बाण सोडला म्हणून आपण दशरथाला दोष देतो, आणि तो आहेच. काळोखात, न बघता. माझ्या काकांसारखा. पण पुढचं आपण भरभर वाचतो. माणसाचं कण्हणं ऐकून तो पळाला नाही. शरयूच्या काठावर त्या मुलापाशी जाऊन बसला, त्याचं ऐकून घेतलं, बाण स्वतःच्या हाताने काढला, पाण्याचं भांडं घेऊन आंधळ्या आईबापांकडे पायी गेला आणि मी मारलं हे तोंडाने सांगितलं. त्यातून शाप टळला नाही.

"आणि तुमचे काका?" त्याने विचारलं.

तेव्हा मी त्याला भेकराची गोष्ट सांगितली. शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. आंबाडे, पान, कोमट गवत, नारळ, तळी. तो मधे एकदाही बोलला नाही. संपल्यावर मला वाटलं तो म्हणेल, तुम्ही लहान होता. त्याने विचारलं, "पाण्यापासून किती लांब होतं?"

माग काढणाऱ्याचाच प्रश्न होता तो. पोटात जखम झालेल्या जनावराला तहान लागते, ते पाण्याकडे जातं, हे त्याला शिकवलेलं होतं. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण उत्तर मला तोंडपाठ होतं.

"तीन हात," मी म्हटलं. "माझ्या हातात कळशी होती."

तो बराच वेळ गप्प होता. पलीकडे त्याच्या स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मग म्हणाला, "ओहोळ मी वरच्या बाजूने पाहिला, काका. खालच्या अंगाला एक डबकं आहे, तिथे गेलोच नाही. उद्या ऑफिसच्या आधी जाऊन येतो."

उद्या तिसरा दिवस होता. मांसाचा प्रश्न केव्हाच संपला होता. "किती वाजता निघतोस?" मी विचारलं. "साडेपाचला. टॉर्च घेऊन." मी भिंतीवरच्या घड्याळात हिशेब केला, इथे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतील.

"फोन चालू ठेव," मी म्हटलं. "मी बरोबर आहे."